निळीची पुडी आणि मदारबीची घागर

मदारबीचं नाव आधी लिहितो, माझं काय ते नंतर. या धंद्यात मला जे येतं, त्यातलं निम्मं गफूरचाचांनी सुरी हातात देऊन शिकवलं आणि निम्मं मदारबीनं बसल्या जागेवरून. गफूरचाचा कत्तलखान्यातले उस्ताद. त्यांना सगळं गाव ओळखायचं. मदारबी मोरीपाशी बसून वजडी धुवायची. वजडी म्हणजे मेंढराचं पोट आणि आतडी. ती खरडून, धुऊन, उकळून विकायची. तिचं नाव नगरपालिकेच्या कुठल्या कागदावर तेव्हाही नव्हतं, आजही नसेल. म्हणून इथं पहिल्या ओळीत घातलंय. संपादकसाहेबांना विनंती आहे, जागा कमी पडली तर माझ्याबद्दलचं छाटा, तिची ओळ राहू द्या.

मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. स्वभाव भित्रा. कुलूप लावलं तर तीनदा ओढून बघतो. हा मजकूरही तीनदा उतरवून काढलाय. पण एका गोष्टीत मला भीती नाही. सोललेलं मेंढरू आकड्याला लावलेलं असलं, तर दहा पावलांवरून बघून मी सांगू शकतो की सोलणाऱ्यानं मधे हात धुतले होते की नाही. सगळी नोकरी त्यात गेली.

आमचं गाव हिमायतनगरकडचं. तेव्हा हिमायतनगर तालुक्याचं ठिकाण नव्हतं. वडिलांची मेंढरं होती. दुष्काळात चारा संपला, मग पाणी संपलं, आणि वडिलांनी कळप लातूरकडच्या एका व्यापाऱ्याला दिला. मेंढरं अनोळखी माणसामागं चालत नाहीत, म्हणून पोचवायला मी गेलो. वय तेव्हा बावीस-तेवीस. नांदेड, लोहा करत पायी निघालो. वाटेत कुणी विहिरीवर मेंढरं येऊ द्यायचं, कुणी लांबूनच दगड मारायचं. अहमदपूरच्या पुढं-मागं एक गाव समजा. नाव घालत नाही, त्या वेळची माणसं अजून तिथं नांदतात. तिथल्या कत्तलखान्याच्या आवारात मी कळप पोचता केला आणि भिंतीला टेकून बसलो. परत जायचं तर कशापाठी जायचं, हे कळत नव्हतं.

मोरीपाशी बसलेली एक बाई माझ्याकडं बघत होती.

“तुझी हायत का रे मेंढरं?”

“बापाची होती.”

“मग हितं बसून बघू नको. ऊठ, पानी ओढ. पानी ओढनारा आज आला न्हाई.”

ती मदारबी. मी उठलो, आडातून पोहरा ओढला आणि हौद भरला. दुसऱ्या दिवशीही पाणी ओढणारा आला नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम व्यंकटरावांनी माझं नाव रोजंदारीच्या वहीत घातलं. माझ्या नोकरीचा अर्ज म्हणाल तर तो एवढाच.

ज्यांनी कत्तलखाना आतून पाहिला नाही, त्यांना वाटतं तिथली घाण म्हणजे रक्त. तसं नाही. निरोगी मेंढराचं मांस आतून स्वच्छच असतं. घाण असते बाहेर, लोकरीत: माती, मूत, चिकटलेल्या लेंड्या. आणि घाण असते आत, कोथळ्यात: अर्धवट पचलेला चारा. या दोन घाणींच्या मधे मांस. बाहेरचं मांसाला लागू द्यायचं नाही आणि आतलं सांडू द्यायचं नाही, एवढ्यातच सोलणाऱ्याची सगळी कला आली. सांगायला सोपी. करायला दहा वर्षं लागतात.

मुल्लाजींचं हलाल करायचं काम झालं की पुढं उस्तादांचं. आधी अन्नाची नळी गाठ मारून बांधायची, म्हणजे पोटातलं तोंडावाटे मांसावर येत नाही. मागचीही वाट तशीच बांधायची. मग मागच्या पायापासून कातडं उघडायचं. सुरीचं पातं आतून बाहेर चालवायचं. बाहेरून आत चालवलं तर लोकरीचे बारीक तुकडे मांसाला चिकटतात आणि मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाहीत. कातडं उघडलं की सुरी ठेवायची आणि मूठ आत घालून कातडं मांसापासून सोडवत न्यायचं. इथं चाचांचा नियम होता: एक हात लोकरीचा, एक हात मटणाचा. लोकरीच्या हातानं मटण धरायचं नाही. चाचा स्वतः हा नियम पहिल्या दोन मुठींपुरता पाळायचे. पुढं घाई व्हायची.

आणि चाचांची एक खोड होती, ती त्या काळी सगळ्याच उस्तादांची. मागच्या पायाला चीर देऊन तिथं तोंड लावून फुंकायचं. हवा भरली की कातडं मांसापासून सुटतं, काम झपझप होतं. चाचांची फुंकर सबंध बाजारात नावाजलेली. ते म्हणायचे, “सनईवाला झालो असतो, पन लग्नात कोन बोलावनार खाटकाला?”

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. साहेब नवे, खुर्च्या नव्या, फाइलींच्या दोऱ्या नव्या. आणि आमचा आड कोरडा. मी ज्या वर्षी आलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पोहरा खाली जाऊन खडकावर वाजायला लागला. मग टँकर. टँकर कत्तलखान्याला दोन पिंपं द्यायचा आणि मदारबीला, ती बिनकागदाची असूनही, दोन घागरी. ड्रायव्हर तिला भ्यायचा. एकदा त्यानं एक घागर कमी दिली, तर ती टँकरच्या चाकापुढं बसून पान लावत राहिली होती.

दोन पिंपांत धुणार काय? त्याआधी सोललेलं मेंढरू हौदाच्या पाण्यानं धुवून काढायची रीत होती. गिऱ्हाइकाला ओलं, चमकणारं मटण लागायचं. व्यंकटराव मला म्हणाले, “माणिक्या, धुवायचं बंद. फडकं वलं कर न् पुसून काढ. चमक आली पायजे.”

मी फडकं घेतलं. धोतराचा जाड तुकडा होता. बादलीत बुचकळायचा, पिळायचा, मेंढरू वरून खाली पुसायचं, पुन्हा बुचकळायचा, पुढचं मेंढरू. असं पुसायचो की गफूरचाचा लोकांना बोलावून दाखवायचे: “बघा, आरसा केलाय पोऱ्यानं.” मी घरापासून इतका लांब, कुणी चांगलं म्हणणारं नाही. मला त्या फडक्याचा केवढा अभिमान. काम झालं की खुंटीवर वाळत घालायचो आणि दुसऱ्याला हात लावू देत नव्हतो. माझी स्वच्छता म्हणजे ते फडकं. मुकादम म्हणाले, “नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्यात. तुझं नाव कायम करायला वर धाडलंय.” मी तेही फडक्याचीच कमाई समजलो.

मग ती कंदुरी आली.

कंदुरी आमच्या भागात हिंदूही करतात. दर्ग्याला नवस बोलायचा, पुरा झाला की एडके कापून भाऊबंदांना जेवण घालायचं. एरवी कापणं तिथंच दर्ग्यापाशी व्हायचं. त्या वर्षी दर्ग्याची विहीर आटलेली, म्हणून नवसवाल्या शेतकरी घरानं एडके आमच्याकडं आणले. गुरुवारी पहाटे कापले, टेंपोत पोतं अंथरून मटण गेलं, वजडीही गेली. दुपारी पंगत बसली. शुक्रवार उजाडेपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं आडवी झाली होती. उलट्या, जुलाब, ताप. नवसवाल्यांच्या म्हातारीला सलाईन लावलं आणि डॉक्टर दोन दिवस काही बोलेनात. शेवटी ती वाचली, सगळेच वाचले. पण ते दोन दिवस कत्तलखान्यात कुणी मोठ्यानं खोकलं नाही.

शनिवारी व्यंकटराव आले आणि त्यांनी पायानं मदारबीचं टोपलं कलंडवलं.

“वजडीनंच झालं हे. दुसरं काय असनार? सगळी घान तर हिच्याच पुढं पडती. उद्यापून आत यायचं न्हाई. बुधवारी जिल्ह्याचे गुरांचे डॉक्टर येनार हायत. त्यांच्यापुढं कागद करू, वजडी बंद म्हून.”

मदारबी उठली. टोपलं उचललं, खरडायची पत्र्याची पट्टी कमरेला खोचली आणि फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन बसली. तिचा नवरा कधीच वारला होता, दोन मुली तिच्या जिवावर. मोरीपाशची ती हातभर जागा म्हणजे तिचं शेत, दुकान, सगळं. मलाही वाटलं, वजडीच असेल. वाटायला काही लागत नाही.

दुपारी बाहेर पडलो तर तिनं हाक मारली.

“माणिका, हिकडं ये. मी दवाखान्यात जाऊन आले.”

“तुला आत सोडलं, बी?”

“म्हातारीचे पाय दाबायला आले म्हनलं. कोन अडिवतंय? आईक. ती म्हातारी वजडी खात न्हाई. दातच न्हाईत तिला. रस्सा न् भाकरी कुस्करून खाल्ली, संगं चिरलेला कांदा ठेचून घेतला. मग तिला वजडीनं कसं झालं?”

मी तिच्या शेजारी लिंबाखाली टेकलो.

“अन् माझी वजडी तीन पान्यात उकळलेली. तुझं फडकं दाव.”

मी आत जाऊन फडकं आणलं. खरं सांगतो, कौतुकानं आणलं. तिनं नाकाशी नेलं आणि लांब धरलं.

“किती मेंढराला एक बादली?”

“सगळ्यांना एकच. पानी कुठाय, बी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. मेंढरू लंगडतंय का हे माझे वडील ज्या नजरेनं बघायचे, तसं.

“मी खाली बसते,” ती म्हणाली. “खालून लई दिसतं. मी बोलून उपेग न्हाई, तुझ्या डोळ्यानं बघ. अप्पाच्या दुकानातून निळीची पुडी आन.”

महालिंगअप्पांचं किराण्याचं दुकान कोपऱ्यावर होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. आम्ही आलो की पायरीच्या खालूनच बोलायचं, वस्तू ते वरून सोडायचे. पण मापात कधी खोट नाही. नीळ मागितली तर म्हणाले, “कत्तलखान्यात धोतरं धुऊन राहिलेत काय रे? का मेंढरांचं लगीन हाय?” मी म्हणालो, घरी पाहिजे. ते म्हणाले, “तुला घर कुठाय?” आणि पुडी सोडली.

रविवारी पहाटे बाजाराचा दिवस नसल्यानं पाचच मेंढरं होती, पाचही चाचांच्या दुकानाची. आमची मेंढरं काळी. मी पहिलं मेंढरू दोन गुडघ्यांत धरलं आणि मदारबीनं मोरीच्या बाजूनं आत येऊन त्याच्या पोटाच्या लोकरीत चिमूटभर नीळ चोळली. काळ्या लोकरीत ती दिसलीसुद्धा नाही. “आता रोजच्यावानी कर,” म्हणाली आणि गेली.

रोजच्यासारखंच झालं. चाचांनी फुंकलं, सोललं, मी पुसलं. पाचही मेंढरं आकड्याला लागली. तोवर उजाडलं. मी फडकं पिळलं आणि बादलीत निळं पाणी पडलं.

मान वर करून बघितलं. पहिल्या मेंढराच्या मांडीवर निळी बोटं. ती चाचांची. दुसऱ्याच्या बरगडीवर निळा पट्टा, वरून खाली, मी पुसलं होतं तसा. तिसऱ्यावर तसाच, जरा फिका. आणि पाचव्या, शेवटच्या मेंढराच्या पांढऱ्या चरबीवर एक अंगठा उमटलेला. माझा. त्या मेंढराला नीळ लावलीच नव्हती. ते पहिल्याच्या जवळसुद्धा उभं नव्हतं.

मी घाईनं फडकं घेऊन अंगठा पुसायला गेलो. अंगठ्याचा तळहाताएवढा डाग झाला.

मदारबी मागं येऊन उभी होती. “पुसू नको. पुसलं की पसरतं. सुरी घे. काप.”

मी चरबीचा तेवढा पापुद्रा कापला. खाली स्वच्छ.

तेवढ्यात चाचा ओरडत आले. “काय लावून राहिला रे मटनाला? कोन घेईल हे?” आणि मी त्यांच्याकडं बघितलं. चाचांच्या पांढऱ्या मिशीची खालची कड निळी. ओठ निळे.

“चाचा,” मदारबी म्हणाली, “मी लावली नीळ. एकाच मेंढराच्या लोकरीला लावली. तुमी आरशात बघा.”

चाचांनी हाताच्या पाठीनं तोंड पुसलं, हाताकडं बघितलं. मग तळहात बघितले. आमचे उस्ताद अडाणी होते, मूर्ख नव्हते. लोकरीवर नीळ होती म्हणून दिसली. एरवी लोकरीवर काय असतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

चाचांनी पाचही मेंढरांवरचं निळं स्वतः छाटून काढलं आणि दोनदा चूळ भरली. मग हळू म्हणाले, “ही गोष्ट हितंच ऱ्हावू द्या. डॉक्टरच्या कानावर गेली तर सगळ्यांची दुकानं बंद. उद्यापून आपन सुधरू. जे झालं ते झालं.”

“अन् बी?” मी विचारलं.

चाचा सुऱ्या गोळा करायला लागले.

फाटकाबाहेर मदारबी मला म्हणाली, “मी तोंड उघडनार न्हाई. मी बोलले तर म्हनतील, जागा वाचवाय बोलली. चाचा पोटाला भिऊन राहिले, त्यांचंबी खरं हाय. तुला वाटलं तर तू बोल. न्हाई वाटलं तरी मी तुला काय म्हननार न्हाई.”

यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. माझं नाव वर गेलेलं. बोललो तर फडकंवाला म्हणून मीच सापडणार. रोजंदारीचा माणूस, ना गाव, ना गोत. मुकादमानं वहीतून नाव खोडलं की झालं. परत जावं तर मेंढरं नाहीत. नाही बोललो तर लिंबाखालची बाई लिंबाखालीच राहणार. दोन्ही दिवस जाता-येता ती दिसायची. ती माझ्याकडं बघायचीही नाही, पान लावायची. मी भित्रा माणूस. पण भित्र्या माणसाचं एक असतं, त्याला पुढचं सगळं आधीच दिसतं. मला दिसत होतं की मी कायम झालोय, अंगावर खाकी आहे, आणि रोज त्या मोरीपाशच्या रिकाम्या जागेवरून चालतोय.

बुधवारी डॉक्टरसाहेब आले. तरुण होते, बुटांवर अजून लातूरच्या ऑफिसची चमक. व्यंकटरावांनी कागद तयारच ठेवला होता. साहेब वाचू लागले. मी खुंटीवरचं फडकं काढलं आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवलं. उरलेली निळीची पुडी शेजारी ठेवली.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“साहेब, वजडी न्हाई. हे फडकं. माझं हाय.”

“माणिक्या, बाहेर हो,” मुकादम म्हणाले.

“बोलू द्या त्याला,” साहेब म्हणाले.

मी बोललो. म्हातारीचे दात, एक बादली, निळा अंगठा, सगळं सांगितलं. कल्पना मदारबीची होती हेही सांगितलं. साहेबांनी मधे विचारलं, “दिसलं कुणाला?” चाचांचं नाव घ्यायचं माझं धाडस नव्हतं. तेव्हा दाराशी उभे असलेले गफूरचाचा घसा खाकरून म्हणाले, “साहेब, माझ्या मिशीला लागली होती. तीन दिवस साबन लावून राहिलो, अजून पूर्ती गेली न्हाई.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी कंदुरीवाल्यांकडं माणूस पाठवून विचारून घेतलं आणि उलगडा केला. मटण ज्या फळीवर तुकडे केलं, त्याच फळीवर, त्याच सुरीनं पंगतीचा कांदा चिरला होता. सकाळी चिरला, दुपारपर्यंत उन्हात राहिला. साहेब म्हणाले, “मटण शिजलं, त्यातले जंतू मेले. कांदा कुणी शिजवला नाही.” हे एक वाक्य मी नंतर आयुष्यभर लोकांना सांगत आलो. लग्नात आचाऱ्यांना सांगितलं, जावयाला सांगितलं. तुम्हालाही सांगतो: मटणाची सुरी कांद्याला लावू नका.

मुकादमांचा कागद साहेबांनी उलटा केला आणि पाठीमागं लिहिलं: फडकं बंद. फुंकणं बंद. डाग पडला तर पुसायचा नाही, छाटायचा. दर मेंढरामागं सुरी उकळत्या पाण्यात आणि हात धुवायचे.

“पानी?” व्यंकटराव म्हणाले. “पानी कुठून आनू, साहेब? दोन पिंपं हायत, त्यात फरशी, त्यात हात, त्यातच प्यायचं. चूल कुठली अन् उकळतं कुठलं?”

खरंच होतं ते. नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांकडंही टँकर नव्हता.

मदारबीला आत बोलावलेलं होतं. ती मोरीपाशी आपल्या जागेवर कधी जाऊन बसली होती, ते कुणाला कळलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, “माझ्या दोन घागरी हायत. एक घ्या.”

“अन् तू?” मी विचारलं.

“एका घागरीत जेवढी होईल तेवढी वजडी धुईन. तू दे कधी तरी परत.”

पुढं पाऊस पडेपर्यंत रोज पहाटे मी तिच्या एका घागरीचं पाणी चुलीवर ठेवत होतो. त्यात दोन सुऱ्या. एक हातात, एक पाण्यात. मेंढरू बदललं की सुरी बदलायची. त्या उन्हाळ्यात मदारबी निम्मीच वजडी विकत होती, आणि ते मला कळत होतं.

माझ्याकडून मी एक भर घातली, त्याचं श्रेय मात्र मीच घेतो. मेंढपाळाचा पोरगा, कातर चालवायला जन्मापासून शिकलेला. वडिलांची कातर गावाहून मागवली आणि कापायच्या आधी मेंढराची गळ्यापासून पोटापर्यंतची पट्टी, जिथं चीर द्यायची तिथली लोकर, कातरून टाकायला लागलो. पाणी लागत नाही, आणि निम्मी घाण सुरीच्या वाटेतूनच जाते. चाचा म्हणायचे, “या, या, दाढी कुनाची राहिली?” मेंढरांना रात्रभर चारा नाही, नुसतं पाणी, हेही सुरू केलं. त्यावरून व्यापाऱ्यांशी भांडणं झाली. ते वजनासाठी बाजारातून निघता निघता चारायचे आणि फुगलेला कोथळा इथं फुटायचा. दुकानदार छाटण्यावरून भांडायचे. “तुमी मटन छाटून राहिले का आमचं पोट?” एक शाळामास्तर रोज यायचे, ते म्हणायचे, “पूर्वी कसं चमकायचं. आता कोरडं दिसतं.” मी म्हणायचो, “मास्तर, चमक माझ्या बादलीची होती.” त्यांना पटायला दोन वर्षं लागली, पण पटल्यावर तेच दुसऱ्यांना शिकवायला लागले. मास्तरच ते.

माझा कायमचा कागद त्या खेपेला आला नाही. व्यंकटरावांनी माझं नाव मागं घेतलं. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना वरून बोलणी बसली होती. कागद फार उशिरानं आला. शेवटी मी तपासणीवर मदतनीस झालो, जांभळा शिक्का मारायचं काम हाती आलं. मुदखेड, भोकर, निलंगा, कुठकुठल्या उस्तादांना शिकवायला मला नेत. प्रत्येक ठिकाणी मी पुडी घेऊन जायचो. चिमूटभर नीळ, पाच मेंढरं, आणि मग सगळ्यांनी आपापले हात बघायचे. लोकांना भाषण पटत नाही, स्वतःचा अंगठा पटतो. साहेब लोक त्याला ‘माणिकरावांची पद्धत’ म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदाही केलं. मग करायचं सोडलं. एका सत्कारात नारळ-शाल घेऊन खाली बसलो तेव्हा ध्यानात आलं, की मी तिचं नाव घेतलंच नाही. तीच माझी चूक. फडक्याची चूक न कळून झाली होती, ही कळून झाली.

मदारबी पुढं पुष्कळ वर्षं मोरीपाशी बसली. दोन्ही मुलींची लग्नं केली. गुडघे गेले तेव्हा धाकटीकडं देगलूरला गेली. निघताना मी नेमका तपासणीवर बाहेरगावी. आल्यावर कळलं. मोरीपाशी जाऊन बघितलं, तर तिनं बसायचा दगड नीट घासून ठेवला होता.

जाऊ जाऊ म्हणत राहिलं. नोकरीत सवड नव्हती, आणि निवृत्तीनंतर लाज होती. परवा तिच्या नातवाकडून कळलं, आजी आहे, कान गेलेत, डोळे चांगले आहेत, आणि घरात मटण आलं की अजून लेकीला, नातसुनांना विचारते, “सुरी उकळली का?”

हा अंक छापून आला की मी देगलूरला जाणार आहे. पहिली ओळ तिच्या कानाशी मोठ्यानं वाचणार आहे, तिच्या लेकी-नातवंडांसमोर. आणि स्टँडवरून पितळेची भरलेली घागर खांद्यावर घेऊन जाणार आहे. त्यांच्या दारात नळ आहे म्हणे. असू दे. रोजची एक धरली तर एका घागरीनं काही फिटत नाही, हे मलाही कळतं. पहिली तरी पोचवतो. ती आधी काय विचारणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो: होय बी, हात धुऊनच आणीन.